कोड्यांतून फलन आणि सूत्रे शिकवताना या चुका टाळा

एक संख्या आत टाकली की दुसरी बाहेर येते, अशा यंत्राचा नियम ओळखायला लावणे हा मुलांना फलनाची, म्हणजे प्रत्येक संख्येला ठरावीक एकच उत्तर देणाऱ्या नियमाची, ओळख करून देण्याचा सोपा मार्ग आहे. मात्र नियम सांगता आला की कोडे सुटले, असे शिकवणाऱ्यालाच वाटू लागते आणि बहुतेक चुकांचे मूळ तेथेच असते.

सर्रास होणारी चूक म्हणजे एकाच जोडीवरून नियम विचारणे. 2 टाकल्यावर 4 आले, तर नियम दुप्पट करण्याचा, 2 मिळवण्याचा किंवा वर्ग करण्याचाही असू शकतो. 3 टाकल्यावर मात्र अनुक्रमे 6, 5 आणि 9 मिळून हे तिन्ही नियम वेगळे होतात. पुढची संख्या मुलानेच निवडावी, पण आपला नियम खोटा ठरू शकेल अशी. हे मोठ्यांनाही सहज जमत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 2, 4, 6 या संख्यांमागचा नियम ओळखायचा होता; अनेकांनी दोन-दोनने वाढणाऱ्या संख्याच तपासल्या, आणि नियम होता केवळ चढत्या क्रमाचा.

दुसरी चूक तक्त्याच्या मांडणीत असते. काड्यांचे चौकोन एका ओळीत जोडत गेल्यास 4, 7, 10, 13 काड्या लागतात. मूल ‘तीन मिळवत जायचे’ म्हणून रकाना भराभर भरते, पण 100 चौकोनांसाठी किती, असे विचारताच अडते, कारण त्याने वरच्या ओळीचा खालच्या ओळीशी संबंध शोधलेला असतो, चौकोनांचा काड्यांशी नव्हे. म्हणून तक्त्यात 1, 2, 5, 20 अशा तुटक संख्या द्याव्यात. यावर काही मुले 5 चौकोनांना 16 काड्या, तर 10 चौकोनांना 32, असा हिशोब करतात. अशा वेळी चूक सांगत बसू नये. पाच-पाच चौकोनांच्या दोन पट्ट्या खरोखर जोडायला लावाव्यात. जोडावर दोन काड्या एकमेकींवर येतात, एक उचलावी लागते आणि 31 उरतात. पहिली काडी वेगळी धरून प्रत्येक चौकोनाला तीन काड्या मोजल्या, की 3न + 1 हे सूत्र (न म्हणजे चौकोनांची संख्या) मूल स्वतःच मांडते.

येथे अक्षर निवडतानाही घोटाळा होतो. चौकोनांच्या संख्येसाठी ‘क’ घेतला, तर 3क म्हणजे ‘तीन काड्या’ असे वाचले जाते. वस्तूचे आद्याक्षर चल, म्हणजे बदलत्या संख्येसाठीचे अक्षर, म्हणून घेऊ नये.

पडद्यावरच्या कोड्यांत बरोबर-चूक लगेच कळत असल्याने मुले अंदाजाने बटणे दाबत सुटतात. उत्तर देण्याआधी नियम कागदावर लिहून घ्यावा आणि नंतर उलट विचारावे: 31 काड्यांत किती चौकोन होतील? 32 काड्यांत एकही न उरता होतील का? स्प्रेडशीटमध्ये सूत्र लिहूनही उत्तर येत नसेल, तर आधी सुरुवातीचे = हे चिन्ह लिहायचे राहून गेले आहे का ते पाहावे.

नियमावर फार लवकर विश्वास ठेवणाऱ्या मुलांना वर्तुळाचे कोडे द्यावे. परिघावर बिंदू घेऊन सर्व जोडले, तर 1 ते 5 बिंदूंसाठी वर्तुळाचे जास्तीत जास्त 1, 2, 4, 8, 16 भाग होतात. सहाव्या बिंदूला मुले न मोजताच 32 लिहितात, पण भाग 31 भरतात.