बंपरच्या क्रोमवरचा गंज असा काढला

आमच्या ॲम्बॅसेडरच्या पुढच्या बंपरवर पावसाळ्यात तांबूस ठिपके आले, कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, तर सगळे म्हणाले उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात टाक नि परत प्लेटिंग, म्हणजे धातूचा मुलामा करून घे. पण आधी एक बघा भावांनो, वरचा क्रोमचा थर सहसा एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असतोय, लोखंडाची खरी राखण खालचं निकेल करतंय, आणि गंज बारीक भेगांतनं वर येतोय. म्हणून सँडपेपर अजिबात नको! स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळली, पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासली, काळपट पाणी पुसलं, धुऊन एकदम कोरडं केलं नि लगेच वॅक्स लावलं. ठिपके गेले, लई भारी चमकतंय आता. जिथं पापुद्राच सुटलाय तिथं मात्र फॉइलचा उपयोग नाही, तो पार्ट जुना थर उतरवून, पॉलिश मारून नव्यानं निकेल-क्रोमला द्यावाच लागतोय.