नाकात एकच नाक नसतं, घरीच करून बघा

एक वेलदोडा सोला, नाक चिमटीत घट्ट धरा आणि दाणे चावा. जिभेला जरा कडवट काहीतरी लागेल पण वेलचीचा तो घमघमाट गायब! आता चावता चावताच नाक सोडा... आला ना एकदम? तो घशाच्या मागून वर गेला, नाकाच्या अगदी छताशी वास ओळखणाऱ्या पेशींचा पातळ थर असतो तिथे. वास घ्यायचं मेन काम ह्याचंच. ह्या पेशींवरच्या रिसेप्टरचे, म्हणजे गंधाचे कण पकडणाऱ्या प्रथिनांचे, जीन्स लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेलनी १९९१ ला शोधले, २००४ ला त्यावर नोबेल मिळालं. माणसात चालू असलेले जीन्स साधारण ४००, उंदरात १००० च्या आसपास, म्हणजे आपण तसे गरीबच.

आता तसंच नाक धरून पेपरमिंटची गोळी चघळा. गार लागतंच ना? कारण तो गारवा म्हणजे वास नाहीच, ते काम चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचं. मिरचीच्या फोडणीने नाकात होणारी झणझण पण हीच नस देते, म्हणून वास गेलेल्या माणसालाही फोडणी नाकात झोंबते.

तिसरं प्रकरण आपल्यावर करून बघता येत नाही, मोठ्या माणसात ते चालत असल्याचा पुरावा नाही, त्यासाठी गोठ्यात जा. म्हैस माजावर आली की रेडा तिचं मूत हुंगतो, मग मान वर करून वरचा ओठ मुडपतो आणि तसाच थांबतो, आपल्याला वाटतं हसतोय. पण तो त्यातला गंध टाळूच्या पुढच्या भागातल्या बारीक छिद्रांतून वर जेकबसनच्या अवयवात, म्हणजे नाकाच्या तळाशी असलेल्या गंध ओळखणाऱ्या वेगळ्या इंद्रियात, ओढत असतो, म्हैस तयार आहे का ते तपासायला. लांबूनच बघा हां, अशा वेळी रेड्याच्या वाटेत उभं राहू नका. बोकड पण हेच करतो. गोठा नसेल तर मांजर बघा, दुसऱ्या मांजराने मुतलेला कोपरा हुंगून ते तोंड अर्धवट उघडं ठेवून बसतं, आपण म्हणतो घाण वास आला वाटतं, तर तसं काही नाही, तेही तेच चाललेलं असतं.

उंदराच्या नाकाच्या टोकाशी अजून एक पेशींचा पुंजका असतो, दुसरा उंदीर घाबरला की त्याच्या अंगातून सुटणारा गंध तो पकडतो. ते मात्र घरी बघायला जाऊ नका, पिंजऱ्यातला उंदीर चावतो.