मुलांची वाट आधी आपण चालून पाहावी

तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मी २६ वर्षं गणित शिकवलं. निम्मी मुलं वाड्यावस्त्यांवरून एसटीनं यायची. एवढ्या वर्षांत मुलींच्या तोंडून एक वाक्य कितीदा ऐकलं: "बाई, घरी सांगू नका, शाळा बंद करतील." आठवीतली एक मुलगी हे बोलली तेव्हा एक माणूस दोन महिने स्टँडपासून तिच्या मागं येत होता. ती गप्प होती, कारण तिच्या चुलतबहिणीची शाळा अशाच कारणानं सुटली होती.

म्हणून सुरुवात घरातून करा. काही घडायच्या आधीच मुलीला सांगा, "वाटेत कुणी काही बोललं, केलं, तर सांग. तुझी शाळा सुटणार नाही, मोबाइलही काढून घेणार नाही." हे वडिलांनीही स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आईनं दिलेला शब्द वडिलांनी मोडलेला मुलांनी पाहिलेला असतो. मुलग्यालाही हेच सांगा. गेमसाठी पैसे देणारा, टपरीवर सोबत उभं करणारा आणि महिन्याभरानं "एवढी पुडी पलीकडं देऊन ये" म्हणणारा दादा मी पाहिला आहे.

मग मुलाबरोबर त्याची वाट चाला. रविवारी नको, शाळा सुटते त्याच वेळी. सुट्टीच्या दिवशी स्टँड निराळंच असतं. मुलाला पुढं चालू द्या, आपण मागं राहा. "कुणी त्रास देतं का?" असं विचारलं की "नाही" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा पायांकडे बघा. कुठं चाल वाढते, कुठं रस्ता ओलांडला जातो? "इथून का गं वळलीस?" एवढंच विचारा. त्या मुलीच्या घरी जायला जवळची बोळ होती, तरी ती देवळाला वळसा घालून जायची. बोळीत बंद गिरणीच्या ओट्यावर तो माणूस बसायचा. आईला वाटायचं, पोरगी मैत्रिणींत रमते म्हणून उशीर होतो.

घरी आल्यावर वहीच्या पानावर ती वाट मुलाकडूनच काढून घ्या. बरं वाटतं तिथं हिरवी खूण, नको वाटतं तिथं लाल. शिकवणीची वाट आणि मैदानही त्यात येऊ द्या. शेजारच्या चार घरांनीही असंच पान काढलं की लाल खुणा जुळतात, आणि मग बोलणं सोपं होतं. दिवा नसलेला खांब आणि वाढलेली झुडपं यांसाठी ग्रामपंचायतीत सर्वांच्या सह्यांचा अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे आणि १८ वर्षांखालच्यांना ती कुठंच विकता येत नाही. शाळेजवळच्या टपरीबद्दल अर्ज देताना त्यात हे लिहा.

हिरव्या खुणांपाशी दोन माणसं ठरवा. आमच्या स्टँडसमोर चप्पल शिवणारे काका होते आणि झेरॉक्सवाल्या ताई. "पोर घाबरलं तर तुमच्यापाशी उभं राहील," असं पालकांनी मुलांसमोरच त्यांना सांगितलं. मात्र थांबायचं ते रस्त्यावरून दिसेल अशा जागी, आतल्या खोलीत नाही, हे मुलांना बजावून ठेवा.

पाठलाग, स्पर्श, घाणेरडे मेसेज कळले तर त्या माणसाला परस्पर मारायला धावू नका. दिवस, वेळ, जागा लिहून ठेवा, मेसेज पुसू नका आणि पोलिसांत जा. लैंगिक हेतूनं मुलाचा सतत पाठलाग करणं हाही २०१२ च्या पोक्सो कायद्यानं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणाऱ्या कायद्यानं, गुन्हा आहे. "नाव बाहेर येईल" म्हणून घरं थांबतात, पण मुलाची ओळख उघड करायला हाच कायदा मनाई करतो. मुलाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि त्या वेळी अंगावर गणवेश नसावा लागतो. ठाण्यात हे मागून घ्या. मुलांची हेल्पलाइन १०९८ रात्रीही चालू असते. संकट समोरच असेल तर ११२.

त्या मुलीचे आईवडील दोघंही ठाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या तासाला हजर होती. नंतर दोन आठवडे वडील तिच्या मागून, थोडं अंतर ठेवून, घरापर्यंत चालत आले.

दिवाळीनंतर ही वाट पुन्हा एकदा चाला. दिवस लहान झालेला असतो, आणि जूनमध्ये उजेडात दिसलेला थांबा तेव्हा अंधारात असतो.