हॉट टबच्या पाण्याशी भांडताय? या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे ४०० गॅलनचा, म्हणजे साधारण १,५०० लिटरचा टब आहे. थंडीत पाहुणे आले की जेवणाआधीच चौघं त्यात जाऊन बसतात. २०,००० गॅलनच्या पोहण्याच्या तलावाशी तुलना केली, तर हे तलावात एकदम २०० माणसं उतरवण्यासारखं आहे. वर पाणी ४० अंशांवर. मग दोन दिवसांनी ते ताकासारखं दिसलं तर नवल कसलं!

पहिली चूक नाकाची. झाकण उघडल्यावर भपकारा आला की लोक म्हणतात, "क्लोरीन जास्त झालं," आणि टाकणं बंद करतात. तो वास बहुतेक वेळा क्लोरामाइनचा असतो. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनला चिकटून थकलेलं क्लोरीन म्हणजे क्लोरामाइन. पाण्याला तेव्हा जास्त क्लोरीन हवं असतं, कमी नाही. पाणी तपासायच्या थेंबांच्या किटने एकूण क्लोरीन आणि मोकळं, म्हणजे अजून न थकलेलं, क्लोरीन दोन्ही मोजा. दोघांत ०.५ पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) जास्त फरक दिसला तर शॉक, म्हणजे एकदम मोठा डोस, द्यायची वेळ झाली. अंदाजे मूठभर टाकून भागत नाही. त्या फरकाच्या दहापट मोकळं क्लोरीन लागतं, तेव्हा क्लोरामाइन तुटतं.

दुसरा घोळ शॉक या शब्दाचा. सॅनिटायझर म्हणजे राखणदार, तो पाण्यात सतत हवा. शॉक म्हणजे साचलेली घाण जाळणं. दुकानात बिनक्लोरीनचा शॉक मिळतो, त्यात मोनोपरसल्फेट असतं. ते घाण जाळतं, पण त्याच्या भरवशावर जंतू मरत नाहीत. पाणी काचेसारखं दिसतं आणि दोन दिवसांनी स्विमसूटखालच्या कातडीवर लाल पुळ्या येतात. ही स्यूडोमोनास नावाच्या जंतूची करामत. लिजिओनेला हा जंतू तर त्याहून वाईट, कारण तो वाफेच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. त्याला २५ ते ४५ अंशांचं पाणी मानवतं, म्हणजे आपण त्याच्यासाठी पलंगच अंथरलेला असतो. म्हणून मोकळं क्लोरीन कायम किमान ३ पीपीएम ठेवा, क्लोरीनऐवजी ब्रोमीन वापरत असाल तर ते ४ ते ८. आणखी एक गंमत: मोनोपरसल्फेट टाकल्यावर लगेच मोजलंत तर ते किटमध्ये थकलेल्या क्लोरीनसारखं दिसतं. त्या आकड्यावर विसंबून पुन्हा शॉक देऊ नका.

आता मी स्वतः महिनाभर केलेली चूक. डायक्लोर ही क्लोरीनची पूड सोयीची, पटकन विरघळते. पण तिच्यातून दर १० पीपीएम क्लोरीनमागे ९ पीपीएम सायन्यूरिक आम्ल पाण्यात उतरतं आणि तिथेच राहतं. रोज ३ पीपीएम टाकलं की महिन्यात ८० च्या घरात. हे आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, पण त्याचं कामही मंदावतं. आमच्या टबावर दिवसभर जाड झाकण, ऊन कुठून येणार? क्लोरीनचा आकडा चांगला, पाणी गढूळच, आणि मी आणखी डायक्लोर टाकतोय! अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था तर हॉट टबात हे आम्ल वापरूच नका म्हणते. साचलेलं आम्ल काढायचा सोपा मार्ग म्हणजे पाणी बदलणं. मी पाणी बदललं आणि साध्या, बिनसुवासाच्या ब्लीचवर आलो. ६ टक्क्यांचं असेल तर ३ पीपीएमसाठी १,५०० लिटरला साधारण ७५ मिली पुरतं. "उडत नाही" असं लिहिलेलं दाट ब्लीच नको, त्याने फेस येतो.

तलावाच्या ट्रायक्लोर गोळ्या स्वस्त पडतात म्हणून टबात टाकू नका. त्या खूप आम्लधर्मी असतात, हीटर खातात. कॅल्शियम हायपोक्लोराइट या दुसऱ्या क्लोरीन पुडीच्या डब्यात त्यांचा ओला चमचा गेला तर आग लागू शकते. चमचे वेगळे ठेवा. पूड पाण्यात टाका, पुडीवर पाणी ओतू नका.

पीएच आधी, क्लोरीन नंतर. जेटचे बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडवतात, त्यामुळे पीएच आपोआप चढतो. ७.५ ला साधारण अर्धं क्लोरीन जोमदार रूपात असतं, ८ ला जेमतेम पाव. पीएच उतरवायचं आम्ल आणि क्लोरीन मात्र कधीही एकत्र ओतू नका, विषारी वायू सुटतो. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, जास्त असली की पीएच पुन्हा पुन्हा चढतो, तेव्हा तीही तपासा.

शॉक देऊन लगेच झाकण लावणं ही घाई महागात पडते. वायू आत कोंडतो आणि झाकणाचा आतला थर व उशा कुजवतो. जेट चालू ठेवून वीसेक मिनिटं उघडं राहू द्या. आणि शॉकनंतर चाचणीचा रंग उमटलाच नाही तर "क्लोरीन शून्य" समजू नका. क्लोरीन फार झालं तर ते रंगच उडवतं. नमुन्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी घालून मोजा, आलेला आकडा दुप्पट करा.

फेसाचं मूळ सहसा कपड्यांतला साबण, क्रीम, तेल. एका दिवाळीत आमचे मेहुणे अभ्यंगाचं तेल जेमतेम पुसून टबात उतरले होते. फेस मारणारं औषध तासाभराचं. आधी शॉवर, हाच उपाय.

सगळं करूनही गढूळच? फिल्टर काढून धुवा, आठवड्यातून एकदा तरी. पाणी कधी बदलायचं याचा हिशेब सोपा: गॅलन भागिले ३, भागिले रोज बसणारी माणसं. ४०० गॅलन आणि दोघं असतील तर साधारण ६६ दिवस. उपसण्याआधी पाइप साफ करायचं औषध घालून जेट चालवा, नाहीतर नळ्यांतला बुळबुळीत थर नव्या पाण्यातही पहिल्या दिवसापासून क्लोरीन खात बसतो. आणि ते पाणी बागेत सोडणार असाल तर आधी झाकण काढून क्लोरीन शून्यावर येऊ द्या. आमच्या कढीपत्त्याच्या कुंडीने हा धडा पिवळ्या पानांनी दिला.