जुने बल्ब आणि ट्यूबलाइट टाकून देताना या चुका टाळा

मराठवाड्यातल्या खेड्यांत घरचा बराचसा कचरा उकिरड्यावर जातो आणि उन्हाळ्यात तोच उकिरडा खत म्हणून रानात पसरला जातो. शेणापाल्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. पण त्यात ट्यूबलाइट किंवा सीएफएल (वळलेल्या नळीचा, कमी विजेवर चालणारा बल्ब) गेला, तर काचा माणसांच्या आणि बैलांच्या पायांत रुततात व आतला पारा मातीत उतरतो. आपल्याकडची सर्वांत मोठी चूक हीच आहे. शहरात हे दिवे घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात देणेही तितकेच चूक आहे, कारण २०१६ च्या घनकचरा नियमांनीच त्यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती.

एका सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो. तो थोडा वाटतो, परंतु दिवा फुटताच त्याची वाफ श्वासावाटे शरीरात जाते आणि गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना तिचा धोका अधिक असतो. त्यामुळे दिवा फुटल्याबरोबर केरसुणी घेऊन झाडायला लागू नये. झाडल्याने पारा आणि पांढरी पूड घरभर पसरते. आधी पंखा आणि कूलर बंद करावा (मे महिन्यात हे जिवावर येते, तरीही करावाच), दारे-खिडक्या उघडून सर्वांनी दहा-पंधरा मिनिटे बाहेर थांबावे. मग हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने काचा गोळा कराव्यात, बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत, जागा ओल्या कागदाने पुसावी आणि हे सारे घट्ट झाकणाच्या बरणीत भरून घराबाहेर ठेवावे. काचा किंवा पूड वाकळेवर पडली असेल, तर ती ओढ्यावर धुवायला नेऊ नये. जड मनाने का होईना, ती टाकून द्यावी.

टोकांच्या ॲल्युमिनियमसाठी ट्यूबलाइट फोडणाऱ्या भंगारवाल्याला ती देऊ नये, कारण पाऱ्याची वाफ त्याच्याच श्वासात जाते.

एलईडीमध्ये पारा नसतो, मात्र आत सर्किट असल्याने तो ई-कचऱ्यात द्यावा. जुना पिवळा बल्ब कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात चालतो. बाटल्यांच्या काचेत तो मिसळू नये.

न फुटलेले दिवे नव्या दिव्याच्या खोक्यात जपून ठेवावेत आणि शहरात जाणे होईल तेव्हा नगरपालिकेच्या घातक कचरा संकलनात किंवा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण केंद्रात द्यावेत. ट्यूबलाइट नेताना तिला पुठ्ठ्याची नळी घालावी, म्हणजे एसटीच्या गर्दीत ती फुटणार नाही.