जलरंगात मंडई कशी रंगवावी

मंडईचे चित्र फसते ते बहुधा भाज्यांमुळेच. टोमॅटो लाल, मेथी हिरवी असे करत एकेक पाटी रंगवत गेलात की उजेड हरवतो. इम्प्रेशनिस्टांनी, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या चित्रकारांच्या एका गटाने, वस्तूच्या रंगापेक्षा तिच्यावर पडलेल्या उजेडाचा रंग पाहिला. पाँत्वाझ आणि गिझोर या फ्रेंच गावांचे बाजार रंगवताना त्यांच्यातल्याच कामिल पिसारोचे लक्षही तिथेच होते. आपल्याकडे निळी ताडपत्री हे काम आयते करून देते. तिच्याखालचा टोमॅटो जांभळट दिसतो, म्हणून क्रिमसनमध्ये (गडद लाल) थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळा. उन्हात आलेल्या एक-दोन टोमॅटोंनाच शुद्ध लाल द्या.

कागद 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड), खरखरीत पोताचा, 11×15 इंच पुरे. पातळ कागद फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो. 12 आणि 6 नंबरचे गोल ब्रश घ्या.

सकाळी नऊच्या सुमाराला तिरपे ऊन असते. पेन्सिलीने आधी सावल्यांच्या कडा आखून घ्या, कारण तासाभरात त्या सरकतात. उभे राहून चित्र काढत असाल, तर सपाट जागेवरच्या उभ्या माणसांची डोकी जवळपास एकाच आडव्या रेषेवर येतात. लांबचा माणूस लहान होतो तो पायांकडून. नवशिके नेमके इथे चुकतात आणि गर्दी टेकडीवर चढल्यासारखी दिसते.

पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, चहाइतका पातळ हवा: यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित क्रिमसन. टोप्या, खांदे आणि तराजूची पारडी कोरडीच सोडा. वॉश पूर्ण वाळू द्या. हाताची मागची बाजू लावून पाहा, गार लागला तर अजून ओल आहे. अर्धवट वाळलेल्यावर पाणीदार ब्रश टेकवला की दातेरी कड उमटते. पावसाळ्यात तर थांबावेच लागते.

आता सावली. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) साधारण निम्मे-निम्मे घ्या, दुधाइतके दाट करा. काळा रंग नको. ताडपत्रीखालची जागा, बसलेल्या भाजीवाल्या, हारे, गिऱ्हाइकांचे पाय हे सगळे एकाच ओल्या आकारात ओढा. ओले असतानाच त्यात हिरवा, जांभळा सोडा. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून एक छटा गडदच लावा.

चेहरे काढू नका. डोके जरा लहान ठेवा, मान आणि खांद्याला एकेक फटकारा द्या.

कागदाचा पांढरा हरवलाच, तर ग्वाशचा (अपारदर्शक जलरंगाचा) पांढरा दोन-तीन ठिकाणीच वापरा. जास्त झाला की शेजारचे पारदर्शक रंग मळकट दिसू लागतात.