बिग-आयपीची जोडी: सिंकचं बटण दाबण्याआधी

व्हर्च्युअल सर्व्हर, पूल, सेल्फ-आयपी हे शब्द तुमच्या रोजच्या वापरातले आहेत असं धरून चालतो. बिग-आयपी म्हणजे एफ-फाइव्हचा लोड बॅलन्सर. त्याचा एकटा बॉक्स सांभाळणाऱ्याला जोडी म्हणजे त्याचीच दुप्पट वाटते. तसं नाही. जोडीत दोन वेगळी कामं चालतात: एकाचं कॉन्फिग दुसऱ्याकडे नेणं (सिंक), आणि एक पडला की दुसऱ्यानं ट्रॅफिक उचलणं (फेलओव्हर). नवखे सगळी धास्ती दुसऱ्या कामाची घेतात. घात पहिलं करतं.

तयारी थोडक्यात. दोन्हीकडे आवृत्ती आणि मॉड्यूल तीच हवीत. एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) दोन्हीकडे चालू हवं, कारण डिव्हाइस ट्रस्ट (दोन्ही बॉक्सचा एकमेकांवरचा विश्वास) सर्टिफिकेटवर उभा असतो आणि घड्याळं जुळली नाहीत तर तो बसत नाही. व्हीलॅनची नावं अक्षर न् अक्षर सारखी ठेवा. व्हीलॅन सिंक होत नाहीत, पण फ्लोटिंग सेल्फ-आयपी (ट्रॅफिक सांभाळणाऱ्या, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह, बॉक्सकडे जाणारे पत्ते) होतात, आणि पलीकडे त्या नावाचं व्हीलॅन सापडलं नाही तर सिंक अडतं. एचए साठी, म्हणजे जोडीतल्या आपसातल्या बोलण्यासाठी, वेगळं व्हीलॅन घ्या. त्यावरच्या सेल्फ-आयपीचं पोर्ट लॉकडाउन (त्या पत्त्यावर कोणते पोर्ट चालतील ती सेटिंग) 'अलाउ नन' राहिलं असेल तर 'अलाउ डिफॉल्ट' करा. नाहीतर सिंकचं टीसीपी ४३५३ आणि हार्टबीटचं ('मी जिवंत आहे' या निरोपाचं) यूडीपी १०२६ दोन्ही दारातच अडतात, आणि तुम्ही स्विचवाल्यांशी भांडत बसता.

आता खरा सापळा. सिंक-फेलओव्हर ग्रुप बनला की 'अवेटिंग इनिशियल सिंक' दिसतं. ओव्हरव्ह्यूच्या पानावर दोन पर्याय असतात: निवडलेल्या डिव्हाइसचं कॉन्फिग ग्रुपकडे ढकलणं, किंवा ग्रुपमधलं सर्वांत ताजं कॉन्फिग निवडलेल्या डिव्हाइसवर ओढणं. 'ताजं' हाच शब्द फसवतो. शेवटचा बदल कुठे झाला एवढंच बॉक्सला कळतं. खरं कॉन्फिग कुणाकडे आहे, हे कळत नाही. नवा बॉक्स तर तासाभरापूर्वीच उभा केलेला असतो, म्हणजे ताजेपणात तोच पुढे. त्याचं रिकामं कॉन्फिग चालू बॉक्सवर गेलं की व्हर्च्युअल सर्व्हर, पूल, आयरूल सगळं पुसलं जातं आणि ट्रॅफिक त्याच क्षणी थांबतं. फेलओव्हर वाचवत नाही, कारण दुसरीकडेही काहीच नसतं.

बंद पडलेल्या बॉक्सच्या जागी बदली बॉक्स बसवतानाही हेच होतं. तिथे धोका जास्त, कारण वेळ रात्री दोनची असते आणि सगळे 'झालं का?' विचारत असतात.

म्हणून बटणाआधी तीन गोष्टी बघा. पानाच्या वर डावीकडे होस्टनेम कुणाचं आहे. यादीत निवडलेलं डिव्हाइस कोणतं आहे. आणि त्या डिव्हाइसवर व्हर्च्युअल सर्व्हर किती आहेत. आकडा तोंडानं मोठ्यानं म्हणा. शून्य असेल तर हात मागे घ्या. शंका असेल तर 'ओढा' वापरूच नका, भरलेल्या बॉक्सवरून 'ढकला'. त्याआधी दोन्हींची यूसीएस फाइल (पूर्ण कॉन्फिगचा बॅकअप) काढून बॉक्सबाहेर ठेवा. तिच्यात प्रायव्हेट की असतात, तेव्हा ती टीमच्या शेअर्ड फोल्डरमध्ये टाकू नका. 'इतकी वर्षं केलंय, यूसीएस कशाला' म्हणणारा सीनिअर भेटेल. त्याचं बाकी सगळं ऐका, हे सोडून.

एवढं वाचून घाबरायला नको. यूसीएस हाताशी असेल तर ही चूक भरून निघते.

ऑटो-सिंक सुरुवातीला बंदच ठेवा, असं माझं मत. मॅन्युअलमध्ये बदल फसला तरी स्टँडबायवर (राखीव बॉक्सवर) जुनं चालतं कॉन्फिग शिल्लक असतं. तिकडे फेलओव्हर केलं की सुटका. मात्र बदल नेहमी अ‍ॅक्टिव्हवरच करा आणि तो टिकला की लगेच सिंक करा. दोन्हीकडे बदल केलेत तर एकाचे जाणारच.

फेलओव्हरचं तुलनेनं सोपं. नेटवर्क फेलओव्हरची टिक पाहा. हार्टबीटला एचए व्हीलॅन आणि मॅनेजमेंट असे दोन्ही मार्ग द्या. एकच मार्ग असेल आणि तो तुटला, तर डिफॉल्ट ३ सेकंदांत स्टँडबायही अ‍ॅक्टिव्ह होतो आणि एकच आयपी दोघं सांगू लागतात. सर्व्हरचा गेटवे फ्लोटिंग सेल्फ-आयपीच हवा. एका बॉक्सचा स्वतःचा आयपी दिला असेल तर तो बॉक्स गेला की परतीची वाटच बंद.

चाचणीत 'फोर्स टू स्टँडबाय' करून समाधान मानू नका. चेंज विंडोत अ‍ॅक्टिव्हची पॉवर काढा. काही क्लायंट चालतात, काही नाही, असं दिसलं तर वरच्या राउटरचं एआरपी (कोणता आयपी कोणत्या मॅक पत्त्यावर, ती यादी) बघा: ग्रॅच्युइटस एआरपी ('हा आयपी आता माझ्याकडे' ही नव्या बॉक्सची घोषणा) कुठे अडलं असेल तर जुना मॅक तसाच राहतो, आणि सिस्को आयओएसवर ती नोंद डिफॉल्ट ४ तास टिकते. उपाय म्हणजे ट्रॅफिक ग्रुपला (एकत्र सरकणाऱ्या आयपींच्या गटाला) मॅक मास्करेड पत्ता, म्हणजे दोन्ही बॉक्सना सामाईक मॅक, देणं, पहिला बाइट ०२ ठेवून. आणि 'फोर्स ऑफलाइन' हे वेगळं बटण आहे. ते दाबलेला बॉक्स रीबूटनंतरही ऑफलाइनच राहतो. 'रिलीज ऑफलाइन' केल्याशिवाय जोडीत परत येत नाही.